रोबो प्रॅक्टिसला तासभर पळतो आणि मॅचमध्येच मरतो: स्विच बंद करायच्या आधी हबचा लाइट बघा

मंडळी, एवढं लांबलचक लिहितोय ते एका गोष्टीसाठी, म्हणून ती आधीच सांगतो. मॅचमध्ये रोबो मेला तर मॅच संपल्यावर त्याचा स्विच बंद करायच्या आधी हबवरचा लाइट बघा आणि रंग लगेच कागदावर लिहा, कंट्रोल हबचा (रोबोचा मेंदू असलेला डबा) पण आणि एक्सपान्शन हबचा (त्याला जोडलेला जादा मोटर-सेन्सरचा डबा) पण. खालचं सगळं याच्यावरच उभं आहे. आमचा जवळपास एक अख्खा सीझन ही सवय नसल्यामुळे वाया गेला आणि पोरांनी त्यात जी मेहनत घातली होती ती आठवली की अजून वाईट वाटतं.

आमची टीम नाशिकच्या एका शाळेची आहे, आठवी ते अकरावीची अकरा पोरं. फर्स्ट टेक चॅलेंज म्हणजे एफटीसी, शाळकरी पोरांनी रोबो बनवून खेळायची स्पर्धा, ती खेळतात. मी त्यातल्या एकाचा बाबा, सातपूर एमआयडीसीत कंट्रोल पॅनलच्या वायरिंगचं काम करतो, म्हणून इलेक्ट्रिकलचा मेंटॉर मी. कोडिंग मला येत नाही, पण वायर कुठे ढिली आहे ते बोटांना कळतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन: मॅच अडीच मिनिटांची असते, पहिले ३० सेकंद रोबो स्वतःच्या प्रोग्रामवर चालतो त्याला ऑटो म्हणतात, मग २ मिनिटं पोरं गेमपॅडवर चालवतात, ते टेलिऑप, आणि त्यातले शेवटचे काही सेकंद एंडगेम. १२ बाय १२ फुटांचं मैदान, खाली फोमच्या मॅट, दोन टीम विरुद्ध दोन टीम. पार्टनर कोण ते यादीत येतं, दर मॅचला वेगळा. म्हणजे आपला रोबो मधेच मेला तर आपली मॅच तर जातेच पण ज्या पोरांशी आपली सकाळीच ओळख झाली त्यांची पण जाते, आणि ती पोरं काही बोलत नाहीत, नुसती बघतात, ते जास्त लागतं.

आमचं काय व्हायचं ते सांगतो. २०२४-२५ चा इन्टू द डीप सीझन. शाळेच्या हॉलमध्ये रोबो तास तास चालायचा, बॅटरी संपेपर्यंत काही नाही. टूर्नामेंटला गेलो की सहा मॅचपैकी दोन-तीनमध्ये टेलिऑपच्या मधेच जागच्या जागी थांबायचा आणि ड्रायव्हर हबच्या (पोरांच्या हातातला, गेमपॅड जोडलेला आणि रोबोशी वायफायने बोलणारा) स्क्रीनवर डिसकनेक्ट झाल्याचं दिसायचं. कधी तीस-चाळीस सेकंदांनी परत जोडला जायचा, कधी नाही. पिटमध्ये, म्हणजे टीमच्या दुरुस्तीच्या टेबलावर, आणून स्विच बंद-चालू केला की लगेच ठणठणीत. मग पुढच्या मॅचला चांगला, त्याच्या पुढच्याला परत मेला.

पहिल्यांदा सगळ्यांनी कोडवर ढकललं. आमची कोडिंग बघणारी मुलगी दहावीत आहे, तिने दोन रात्री बसून सगळं टेलिऑप नव्याने लिहिलं, लूप हलका केला, आणि पुढच्या टूर्नामेंटला तेच झालं तेव्हा ती पिटच्या मागे जाऊन रडत होती. मी तिला जाऊन सांगायला हवं होतं की बाळा, हे तुझं नाहीये, पण तेव्हा मलाच माहीत नव्हतं. मग आम्ही मेन स्विच बदलला. मग दुसऱ्या टीमकडून उसना कंट्रोल हब आणून लावला. दर वेळी एक-दोन मॅच नीट जायच्या आणि आम्ही म्हणायचो सुटला प्रॉब्लेम, आणि परत तेच.

मग एका टूर्नामेंटला मैदानाच्या कडेला कंट्रोल सिस्टिमसाठी मदत करणाऱ्या एक ताई होत्या, त्यांना सीएसए म्हणतात, मोठ्या टूर्नामेंटला असतातच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मेला तेव्हा लाइट कुठला होता?" आम्ही पाच जण उभे होतो आणि पाचही जण गप्प. मॅच संपली की मैदान रिकामं करायची घाई असते, पोरं धावत जाऊन आधी स्विच बंद करतात, रोबो उचलतात आणि पळतात. पुरावा आम्ही दर वेळी स्वतःच पुसत होतो.

तर आता लाइटचं. हबवर एक छोटा रंगीत एलईडी असतो. हिरवा आणि मधून मधून एखादी निळी लुकलुक, म्हणजे हब व्यवस्थित आहे, बोलणं चालू आहे. स्थिर निळा म्हणजे नुकता चालू झालाय, अजून जागा होतोय. लुकलुकणारा निळा म्हणजे पॉवर आहे पण त्याच्याशी कोणी बोलत नाहीये, संपर्क तुटला. लुकलुकणारा नारिंगी म्हणजे त्याला मिळणारं व्होल्टेज ७ च्या खाली गेलंय. आणि अजिबात लाइट नाही म्हणजे पॉवरच नाही. बस एवढंच, पण याच्यावरून आजार वेगळे पडतात, कारण ड्रायव्हर हबवर सगळ्यांचं दिसणं जवळपास एकच असतं. आम्ही वर्षभर एक आजार शोधत होतो आणि निघाले तीन. एक बरा केला की दुसरा डोकं वर काढायचा आणि आम्हाला वाटायचं पहिलाच परत आला.

एक मेख आहे इथे, नीट वाचा. पॉवर क्षणभर जाऊन परत आली तर कंट्रोल हब रीबूट होतो, त्याला अर्धा मिनिट तरी लागतो, आणि मॅच संपेपर्यंत तो छान हिरवा होऊन बसतो. मग मॅचनंतर बघितलं तर वाटतं हबला काही झालंच नाही, वायफायच गेलं असणार. म्हणून मॅचनंतरचा लाइट तर बघायचाच पण मेल्या मेल्या पहिल्या दहा सेकंदांत काय होता ते पण बघायचं. आमच्याकडे हे काम ड्राइव्ह कोचचं, म्हणजे दोन ड्रायव्हरच्या शेजारी उभं राहणाऱ्या पोराचं. रोबो थांबला की त्याने स्क्रीनकडे बघायचं नाही, थेट हबकडे बघायचं. आणि हब दिसायला पाहिजे! आमचा स्लाइडच्या, म्हणजे लांब-आखूड होणाऱ्या हाताच्या, मागे पार खोल गाडलेला होता, मग बाजूच्या पॉलिकार्बोनेटच्या पट्टीला २५ मिलिमीटरचं भोक पाडलं, बरोबर लाइटच्या समोर. सीझनभर केलेल्या सगळ्या कामात हे भोक सगळ्यात जास्त उपयोगी पडलं असं मी म्हणेन.

स्थिर निळा दिसला, म्हणजे रीबूट झाला: हा पॉवरचा आजार

आमचा पहिला आणि सगळ्यात जास्त त्रास देणारा हाच निघाला. बॅटरीपासून निघाल्यावर वाटेत किती जोड आहेत ते एकदा बोटांवर मोजा. बॅटरीचा कनेक्टर, मग स्विचला जाणारा, स्विचमधून निघणारा, कंट्रोल हबचा, तिथून एक्सपान्शन हबकडे जाणारा. यातले बहुतेक पिवळे एक्सटी-३० असतात. पैकी कंट्रोल हबपर्यंतचा कुठलाही एक जोड धक्क्याने क्षणभर सुटला की हब रीबूट.

हे कनेक्टर उन्हात धरून बघा, खरंच बघा, मी पोरांना एकेकाला बघायला लावलं. आतली सोनेरी पिन अखंड नसते, तिला उभ्या चिरा असतात, म्हणजे टोकाकडून ती फुलासारखी फाकलेली असते आणि त्या फाकण्याच्या ताणामुळेच समोरच्या नळीत घट्ट बसते. दिवसातून आठ-दहा वेळा बॅटरी काढ-घाल करून या पाकळ्या आत दबतात. आमच्या रोबोच्या बाजूच्या कनेक्टरची पिन नव्या कनेक्टरशेजारी धरली तर फरक डोळ्याला दिसत होता, चिरा जवळजवळ बंद झालेल्या. लावताना नवा कनेक्टर घट्ट जातो, अंगठ्याने दाबावा लागतो. आमचा दोन बोटांत हलकेच जायचा आणि पोरं खूश, की बॅटरी किती पटकन बदलता येते!

तात्पुरता उपाय म्हणजे बॅटरी पूर्ण वेगळी करून पातळ ब्लेडचं टोक चिरेत अलगद घालून पाकळ्या थोड्या फाकवायच्या. जास्त जोर लावला तर तुटते, आणि हे मोठ्या माणसाने करा, लहान पोरांच्या हातात ब्लेड देऊ नका. खरा उपाय कनेक्टर बदलणे. आम्ही आता बॅटरी आणि रोबो यांच्यामध्ये वितभर वायरचा एक जोडतुकडा ठेवतो, झीज सगळी त्या तुकड्यावर येते आणि तो दर दोन टूर्नामेंटला काढून नवा घालतो. पॅनलमध्ये पण आम्ही असंच करतो, रोज काढ-घाल होणारा जोड स्वस्त आणि सुटा ठेवायचा.

सोल्डरिंग पण तपासा. आमच्या एका कनेक्टरचं वरून छान चमकत होतं, हीट-श्रिंक काढून वायर जराशी पिळली तर अख्खी बाहेर आली, आत पकडच नव्हती. कोल्ड जॉइंट म्हणतात त्याला, म्हणजे टिन वितळलं पण पिन पुरेशी तापली नाही. पोराने केलं होतं, त्याला ओरडलो नाही, शेजारी बसवून दहा कनेक्टर करून घेतले. आता टीममध्ये त्याच्यासारखं सोल्डरिंग कोणाचं नाही.

शोधायचं कसं ते सांगतो. रोबो खोक्यावर ठेवा, चाकं अधांतरी, टेलिऑप चालू करा. एकाने पेन्सिलीने, धातूच्या कशाने नाही, एकेक कनेक्टर आणि वायर हलवत जायचं, दुसऱ्याने फक्त लाइटकडे बघत बसायचं आणि लाइट बदलला की "थांब" म्हणायचं. चाकांकडे बघू नका, चाकं उशिरा सांगतात. मग रोबो खाली मॅटवर घेऊन एक बाजू चार-पाच सेंटिमीटर उचलून सोडा. मग भिंतीवर पूर्ण वेगात नेऊन आपटा. हो, आपटा! मॅचमध्ये समोरचे आपटतातच आणि आमच्या हॉलमध्ये त्याला कधी कोणी धडकलंच नव्हतं, म्हणून प्रॅक्टिसला काही होत नव्हतं. आता आम्ही जुन्या सीझनची चेसिस रिमोटवर फिरवून मुद्दाम याला धडका मारतो.

मेन स्विचला धक्का लागून तो बंद होणं हा पण याच घरातला प्रकार. पटकन हात पोचेल असा पाहिजे पण बाहेर आलेला नको, आम्ही त्याच्याभोवती थ्रीडी प्रिंटची कड केली.

धातूला लागला की मरतो: हा स्टॅटिकचा

याने आम्हाला सगळ्यात जास्त फसवलं कारण हा ऋतूप्रमाणे येतो. एफटीसीचा गेम सप्टेंबरमध्ये जाहीर होतो, आपल्याकडे तेव्हा पाऊस, हवेत ओल, ऑक्टोबरपर्यंत बऱ्यापैकी दमट. तेव्हा हा आजार दिसतच नाही. टूर्नामेंट येतात थंडीत. नाशिकची जानेवारीतली हवा माहीत आहे ना, स्वेटर काढताना तडतड आवाज येतो, गाडीच्या दाराला हात लावला की चटका बसतो. तेच रोबोला होतं. चाकांचे रोलर फोमच्या मॅटवर घासत राहतात आणि अख्ख्या फ्रेमवर चार्ज साठत जातो, रबर-प्लास्टिकच्या चाकांवर उभा आहे म्हणून तो जमिनीत जाऊ शकत नाही. मग रोबो मैदानावरच्या कुठल्या तरी मोठ्या धातूला टेकतो आणि सगळा एका क्षणात तिकडे उडी मारतो. त्या सीझनला मैदानाच्या मधोमध सबमर्सिबल म्हणून सांगाडा होता, त्याच्या आडव्या दांड्यांवरून हात घालून आतले सॅम्पल (त्या गेममधले ठोकळे) काढायचे आणि शेवटी दांडीला लटकायचं, म्हणजे दर मॅचला पाच-सहा वेळा तरी धातूला शिवणं आलंच. ती उडी मारताना वाटेत सेन्सरची किंवा एन्कोडरची (मोटर किती फिरली ते मोजणारा) वायर फ्रेमला चिकटून गेली असेल तर झटका थेट हबच्या पोटात.

शाळेत आम्ही अर्धा वेळ साध्या फरशीवर चालवत होतो, मॅटचे सोळाच तुकडे आमच्याकडे, पूर्ण मैदानाला छत्तीस लागतात, आणि मधला सांगाडा आम्ही लाकडाचा केला होता. फोम कमी, धातू नाही, हवा दमट. म्हणजे आजाराला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी आमच्या हॉलमध्ये नव्हत्या आणि टूर्नामेंटच्या हॉलमध्ये तिन्ही होत्या, वर एसी.

ओळखायचं असं: मेला त्या क्षणी तो कशाला टेकला होता का? कोणी तरी मोबाईलवर मॅचचं शूटिंग केलेलं असतंच, ते बघा. आणि लाइट बहुतेक वेळा लुकलुकता निळा, किंवा मग कलर सेन्सर, डिस्टन्स सेन्सर अशा आयटूसीवरच्या (हबचं सेन्सरशी बोलायचं कनेक्शन) गोष्टी अचानक गप्प आणि लूप अडकलेला. अशा वेळी ड्रायव्हर हबच्या तीन टिंबांच्या मेनूतलं रिस्टार्ट रोबॉट मारून बघा, कधी कधी तेवढ्यावर परत येतो आणि उरलेलं एक मिनिट तरी हाती लागतं. ड्रायव्हरना हे डोळे मिटून करता आलं पाहिजे, आम्ही त्याचा सराव घेतो.

उपाय बरेच आहेत आणि सगळे एकत्र करायचे, कारण एकटा कुठलाच पुरत नाही. दोन्ही हब धातूच्या फ्रेमवर थेट स्क्रूने बसवू नका, मधे प्लाय किंवा प्लास्टिकची पट्टी घाला. आम्ही ६ मिलिमीटरचा प्लाय वापरला. सेन्सर पण फ्रेमपासून वेगळे, थ्रीडी प्रिंटच्या कपात. वायरी फ्रेमच्या बाहेरच्या कडेने नेऊ नका, आतून न्या. रोबोचा जो भाग मैदानाच्या धातूला लागतो त्याच्यावर इन्सुलेशन टेप किंवा प्लास्टिकची टोपी. आणि फ्रेम ग्राउंड करायची एक खास वायर मिळते, तिच्यात ४७० ओहमचा रेझिस्टर असतो, एक टोक फ्रेमच्या स्क्रूला आणि दुसरं एक्सटी-३० ने हबच्या रिकाम्या पॉवर पोर्टला. तीच घ्या. काही पोरं हुशारी करून साध्या वायरने बॅटरीची निगेटिव्ह फ्रेमला जोडतात, ते नियमात बसत नाही, इन्स्पेक्शनला अडकाल, आणि मधे रेझिस्टर नसल्यामुळे फ्रेमला दुसरीकडे पॉझिटिव्ह वायर घासली तर सरळ शॉर्ट. रेझिस्टर मधे आहे तो त्याच्यासाठीच.

मॅटवर मारायचा अँटिस्टॅटिक स्प्रे असतो, टूर्नामेंटवाले मारतात. दुपारनंतर त्रास वाढला असं वाटलं तर जाऊन नम्रपणे विचारा की परत मारता येईल का. मैदानावर आपण स्वतः काही शिंपडायचं नाही. स्वतःच्या प्रॅक्टिसच्या मॅटवर मात्र उलटं करा, थंडीच्या दिवसात स्प्रे न मारता चालवा आणि एखादा लोखंडी पाइप उभा करून रोबो त्याला मुद्दाम टेकवत राहा. घरी मेला तर चांगलंच आहे, तिथे बघायला वेळ असतो.

एक्सपान्शन निळा लुकलुकतोय, कंट्रोल हिरवा: अर्धा रोबो मेलाय

हा सोपा. दोन चाकं चालतात दोन नाही, किंवा चाकं चालतात आणि स्लाइड मेली. दोन हबच्या मधली तीन पिनची छोटी आरएस-४८५ वायर बघा, नव्वद टक्के काम तिथेच असतं. नुसती घर्षणाने बसते, तिला ओढ लागली की निसटते. वायरला थोडा ढिला वळसा देऊन कनेक्टरपासून दोन बोटांवर झिप टाय मारा म्हणजे ओढ झिप टायवर येते, कनेक्टरवर नाही. स्पेअर चार ठेवा. आणि एक्सपान्शनचा लाइटच गेला असेल तर ती वायर नाही, पॉवरचा जोड, म्हणजे परत वरचं वाचा.

नारिंगी, किंवा जोरात ढकलताना मरतो: बॅटरी

आमचा तिसरा. आमच्या चाकांच्या मोटरचा स्टॉल करंट, म्हणजे मोटर अडकली की ती खेचते तेवढा, डेटाशीटवर ९.२ अँपिअर आहे, चार मोटर एकदम अडकल्या, म्हणजे समोरचा रोबो आपल्याला दाबून धरतोय आणि आपला ड्रायव्हर काठी पूर्ण पुढे दाबून बसलाय, तर हिशोबाने ३६.८ होतात. बॅटरी १२ व्होल्टची, ३००० एमएएच, पुढे २० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज लगेच उडत नाही, पण व्होल्टेज बसतं, आणि बॅटरी जुनी असेल तर इतकं बसतं की हबच झोपतो. मीटर लावून नुसती बॅटरी बघितली तर साडेबारा दाखवते आणि पोरं म्हणतात काका चांगली आहे. लोड नसताना म्हातारी बॅटरी पण चांगलीच दिसते. कोडिंगवाल्या मुलीने कोडमध्ये दर लूपला व्होल्टेज वाचून सगळ्यात कमी झालेला आकडा स्क्रीनवर ठेवला, आणि प्रत्येक बॅटरीवर नंबर घालून सगळ्यांना एकाच भिंतीला दोन-दोन सेकंद ढकलायला लावलं. सहा बॅटऱ्यांपैकी दोन स्पष्ट वेगळ्या पडल्या. त्या दोनवर लाल टेप, फक्त प्रॅक्टिसला. तिच्या कोडने बॅटरी पकडली हे मी सगळ्यांसमोर सांगितलं, ते सांगणं माझ्याकडून बाकी होतं.

चार्जरवर ०.९ आणि १.८ चा स्विच असतो, १.८ वर रिकामी बॅटरी भरायला दोन तास धरून चाला. मॅचमधून आलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, आधी थंड होऊ द्या.

लाइट शेवटपर्यंत हिरवाच, तरी डिसकनेक्ट: मग वायफाय किंवा ड्रायव्हर हब

लोक सगळ्यात आधी याच्यावर खापर फोडतात आणि माझ्या अनुभवात हा सगळ्यात कमी वेळा निघतो. तरी बघायचं. हबचा अँटेना आतच असतो, चारही बाजूंनी ॲल्युमिनियमने झाकला तर रेंज मार खाते. ५ गिगाहर्ट्झवर चालवा, २.४ वर हॉलमध्ये सगळ्यांचे फोन असतात. आणि आईबाबांना हात जोडून सांगा की मोबाईलचा हॉटस्पॉट लावू नका, नियमच आहे तसा. ड्रायव्हर हब सकाळी पूर्ण चार्ज, मॅचच्या मधे पॉवर बँकेवर, आणि गेमपॅडची यूएसबी वायर ताणलेली नको, कारण कधी कधी रोबो मेलेलाच नसतो, गेमपॅडच सुटलेला असतो.

खात्री लॉगमधून होते. लॅपटॉप हबच्या वायफायला जोडायचा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.४३.१:८०८० टाकायचं, मॅनेजच्या पानावरून लॉग उतरवायचा. मॅचच्या वेळेला ॲप नव्याने सुरू झाल्याच्या ओळी दिसल्या तर रीबूट झाला होता, म्हणजे पॉवर. ॲप अखंड चालू आहे आणि फक्त ड्रायव्हर हबशी संबंध तुटल्याचं दिसतंय, तर वायफाय. समजलं नाही तर सीएसएच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन जा. विचारलं म्हणून कोणी मार्क कापत नाही, आमची पोरं उगीच घाबरत होती.

आता आमची पद्धत अशी आहे. रोबोच्या ट्रॉलीला क्लिपबोर्डवर एक कागद असतो, मॅच नंबर, कोणती बॅटरी, मेला तेव्हा किती वेळ झाला होता, कशाला टेकला होता का, कंट्रोलचा रंग, एक्सपान्शनचा रंग. मॅच संपली की कोच आधी वाकून भोकातून लाइट बघतो, मोठ्याने रंग म्हणतो, दुसरा लिहितो, आणि मगच स्विच बंद. पाच-सात सेकंद लागतात. आणि एका मॅचच्या मागे एकच गोष्ट बदलायची, चार बदलल्या तर कशाने बरा झाला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी परत पहिल्यापासून.

शेवटच्या टूर्नामेंटला तिसऱ्या मॅचमध्ये स्लाइड मधेच थांबली. माझ्या पोटात गोळा आला. पोरं पिटमध्ये आली तेव्हा कागदावर लिहिलेलं होतं: बॅटरी चार, टेलिऑपला एक मिनिट दहा सेकंद, समोरच्याने धडक दिली, कंट्रोल हिरवा, एक्सपान्शन निळा लुकलुक. मला कोणी काही विचारलं नाही. नववीतल्या एकाने डब्यातून तीन पिनची वायर काढली, जुनी काढून बघितली, नवी लावली, झिप टाय मारला, दुसऱ्याने पेन्सिलीने हलवून बघितलं, कोडिंगवाली लाइटकडे बघत "हिरवा, हिरवा, हिरवा" म्हणत होती. चार मिनिटांत रोबो रांगेत उभा.